अण्णा अजून फाटकातच आहेत

अण्णा फाटकातून आत आले, पायऱ्या चढले, कोट काढून खुंटीला लावला, खुर्चीत बसले आणि समोरच्या टीव्हीकडे बोट करून मला म्हणाले, "गप बसा आता. मी येतोय."

आणि खरंच आले. टीव्हीवर फाटक उघडलं, कोट घातलेले अण्णा आत शिरले आणि पायऱ्यांकडे चालू लागले. खुर्चीतले अण्णा चष्मा पुसून पडद्यावरच्या अण्णांना निरखत होते. पडद्यावरचे पायरीशी पोचले तसे खुर्चीतले म्हणाले, "डावा पाय ओढतोय म्हातारा. पस्तीस मार्क. काठावर पास."

मी त्या घरात राहायला येऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत खरेदी विभागात माझी नोकरी, बायकोपोरं निपाणीला, आणि मी बेळगावात अण्णांच्या माडीवर भाड्याने. भाडेकरू हा शब्द अण्णांना कमीपणाचा वाटे. ते मला 'पावणं' म्हणत. पाहुण्याकडून दर महिन्याला भाडं घेताना त्यांना त्यात काही विसंगत वाटत नसे, आणि मलाही पुढे वाटेनासं झालं.

अण्णा मूळचे लोंढ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातले. नोकरीभर निपाणीच्या एका मराठी शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीला बेळगावात हे घर बांधलं. बायको गेल्यावर घरात एकटेच. एकुलता एक मुलगा बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये. अण्णा एकदा न्हाणीत घसरले, तेव्हा मुलगा आला आणि त्याने सगळं घर फोनला जोडून टाकलं. फाटक फोनवरून उघडायचं, दिवे फोनवरून लागायचे. फाटकावर, पडवीत, हॉलमध्ये आणि परसात एकेक कॅमेरा. चारही चित्रं बंगळूरला मुलाच्या फोनवर दिसायची आणि इकडे हॉलमधल्या टीव्हीवरही. जाताना मुलगा एवढंच बोलून गेला होता, "अण्णा, आता परत पडलासा, नाहीतर चालाय येईना असं मला दिसलं, तर बंगळूर. मग वाद घालायचा न्हाय."

अण्णा बंगळूरला एकदा राहून आले होते. तिथल्या उंच इमारतीबद्दल, लिफ्टबद्दल, सुनेच्या स्वयंपाकाबद्दल त्यांची काडीचीही तक्रार नव्हती. "सगळं ब्येस हाय," ते म्हणायचे. "फकस्त पायात चपला घातल्या की 'कुठं निघालासा?' म्हणून इचारणारं कुणी न्हाय. मग माणूस जाणार कुठं?"

थोडक्यात, अण्णांचा बेळगावातला मुक्काम त्यांच्या डाव्या गुडघ्यावर उभा होता. आणि तो गुडघा तर केव्हाच गेलेला होता. हे मला माहीत होतं, शेजारच्या आक्कांना माहीत होतं, कोपऱ्यावरच्या वाण्याला माहीत होतं. बंगळूरला कळू द्यायचं नव्हतं.

आता टीव्हीवरच्या उशिराबद्दल सांगतो. बंगळूरला मुलाच्या फोनवर सगळं लगेच पोचायचं, पण फाटकावरचं चित्र हॉलमधल्या टीव्हीवर यायला वेळ लागायचा. किती? तव्यावर भाकरी टाकून, वरून पाणी फिरवून ती उलटेपर्यंत. मुलाने समजावलं होतं की चित्र आधी कंपनीच्या परदेशातल्या कॉम्प्युटरवर जातं आणि तिथून परत घरी येतं. अण्णांना ते पटलं, पण चित्राची दया आली. "माझ्या फाटकापास्नं माझ्या हॉलात यायला बिचारं समुद्र ओलांडून येतंय," ते आल्यागेल्याला सांगत, "आणि आमचा पोस्टमन म्हणतोय तुमची गल्ली लांब पडती." आता निपाणीला माझ्याही फाटकावर कॅमेरा आहे. त्याचं चित्र तत्काळ येतं. त्यात बघण्यासारखं काही नसतं.

अण्णांनी मात्र त्या उशिराचं सोनं केलं. सकाळी चहा झाला की कोट चढवून फाटकापर्यंत जायचं, परत यायचं, खुर्चीत बसायचं आणि स्वतःचं चालणं तपासायचं. मग शेरा. "सुधारणेस वाव आहे." परत कोट, परत फाटक. एकदा तर साठाच्या वर मार्क पडले म्हणून मला खाली बोलावून गूळ-शेंगदाणे दिले.

"पण अण्णा," मी म्हटलं, "हा सराव तिकडं मुलालाबी दिसत असंल की."

"दिसू दे. फाटकापातूर जाऊन येणं म्हंजे सराव व्हय? मी टपाल बघाय जातोय."

त्या फाटकाला टपालाची पेटी नव्हती.

कॅमेऱ्याला ते 'स्क्वाड' म्हणत. दहावीच्या परीक्षेला अचानक येऊन धडकणाऱ्या तपासनिसांच्या गाडीचं हे नाव. पण अण्णा ज्या वर्गावर सुपरवायझर असत, त्या वर्गात स्क्वाडवाले येतच नसत. काही मिळायचं नाही. निपाणीत तेव्हा निम्म्या पोरांच्या आया घरी विड्या वळायच्या, म्हणून तिथली कॉपी कागदावर नसे, विडीच्या पानावर असे. मऊ पान, आवाज करत नाही, मुठीत मावतं, आणि वेळ आलीच तर चुरगाळलं की झाला पाचोळा. बाहेरगावचे तपासनीस पोरांचे खिसे तपासून कागद शोधत बसायचे. अण्णा खिशाला हात लावत नसत. त्यांची पद्धत निराळी.

"वाकडं बसलंय त्या पोराकडं बघायचंच न्हाय," ते मला सांगायचे. "त्येला पेपर अवघड गेलाय. लई सरळ बसलंय ते बघा. त्येच्याजवळ पान हाय."

"मग पकडायचं?"

"छ्या! पकडायचं कशाला? त्येच्या बाकाजवळ जाऊन उभं ऱ्हायचं. त्येच्याकडं न्हाय बघायचं, खिडकीतनं भायेर बघायचं. जरा येळानं पोर आपसूक पान खाली टाकतंय. मग जे येतंय ते लिवतंय. नापास झालं तर सवताच्या जिवावर नापास हुतंय. त्यात बी एक इज्जत हाय."

असा माणूस म्हातारपणी स्वतःच परीक्षेला बसला होता, आणि मुठीत गुडघा लपवत होता.

कॅमेऱ्यासमोर अण्णा वेगळेच असायचे. कोट तर होताच, भाषाही बदलायची. पडवीत आले की आभाळाकडे बघून मोठ्याने म्हणायचे, "आज हवा आल्हाददायक आहे. मी आता तुळशीला पाणी घालणार आहे." कॅमेऱ्याला ऐकू येतं हे मुलाने सांगितलं होतं, आणि अण्णांना पुराव्यात कसूर ठेवायची नव्हती. "माझी प्रकृती उत्तम असून भूक चांगली लागते," हे वाक्य मी माडीवरून रोज ऐकायचो. आकाशवाणीच्या बातम्यांची उणीव भासली नाही.

शेजारच्या आक्का कुंपणाच्या बुटक्या भिंतीवरून हे बघायच्या. आक्कांचं वय अण्णांच्याच आसपास, जीभ मात्र बरीच तरुण. अण्णांच्या रोजच्या दोन्ही वेळच्या भाकरी त्यांच्याकडून येत, त्यामुळे बोलण्याचा अधिकार त्यांनी कमावलेला होता.

"अण्णा, कचऱ्याच्या गाडीला कोट घालून निघालासा? पोरगी बघाय चाललायसा काय?"

"आक्का," कॅमेऱ्याखालून अण्णा म्हणाले, "आपण कृपया आपल्या कामाकडे लक्ष द्यावे."

मग तेच अण्णा परसात गेले, फणसामागे दिसेनासे झाले, आणि तिथून आवाज आला, "आक्के, लोणचं हाय काय गं वाईच?"

हा फणस अण्णांनी गावाकडून रोप आणून लावलेला. त्याचा बुंधा आता असा माजला होता की परसातल्या कॅमेऱ्याला त्याच्यामागचं काही दिसत नसे. सगळ्या घरादारात तेवढी एकच जागा स्क्वाडच्या नजरेबाहेर होती. तिथे जुना धुण्याचा दगड होता. अण्णा दिवसातून कितीदा तरी त्या दगडावर जाऊन बसत, गुडघ्याला तेल चोळत आणि गुडघ्याशी बोलत. काय बोलत ते इथे लिहिता येणार नाही. लोंढ्याच्या बाजूच्या रानात बैल अडला की गडी जे बोलतात, ते.

माझाही या नाटकात भाग होता. संध्याकाळी मी कामावरून आलो की आम्ही दोघे वाण्यापर्यंत जायचो, आणि परत येताना फाटकाशी अण्णा माझी जागा बदलायचे. "पावणं, तुम्ही स्क्वाडच्या अंगानं चाला." देवाने मला जो देह दिला आहे, त्याच्या आडोशाला एक सडपातळ गणित शिक्षक सहज मावतो. अण्णा माझा दंड धरून मजेत लंगडत यायचे, आणि बंगळूरला दिसायचो फक्त मी.

तर एका रविवारी दुपारी मी माडीवर जेवून आडवा झालो होतो. फणसाचे दिवस होते. डोळा लागतोय तोच खाली फाटक करकरत उघडलं. मग मिटलं. मग उघडलं. जिन्यातला दिवा लागला, विझला, लागला. मी उठून बसलो तेवढ्यात फोन वाजला. बंगळूरहून अण्णांचा मुलगा.

"दादा, झोपलायसा काय? खाली जावा पटकन. फणसामागं. अण्णा गेल्यात ते अजून भायेर आले न्हाईत. हाका मारतोय तर ओ देईनात."

"तुला काय म्हाईत फणसामा..."

"आधी जावा ओ!"

खाली आलो तर आक्का हातात उलथनं घेऊन फाटकाशी उभ्या. "बघा की ओ ह्येला काय झालंय! अंगात आल्यागत उघडझाप करालंय! नारळ आणू काय?"

मी परसाकडे धावलो, मागोमाग उलथनं. कॅमेऱ्यातून मुलाचा आवाज चालूच होता, "अण्णा! ओ अण्णा!" आणि फणसामागे अण्णा मुळाला अडखळून जमिनीवर बसलेले, डावा पाय खाली मुडपलेला, शेजारी एक फणस. फणस पिकलाय का हे थापटून बघायला गेले होते. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"स्क्वाडला दिसतंय?" अगदी हळू आवाजात.

"न्हाय," मी म्हटलं.

"मग मी पडलो न्हाय."

"व्हय?" आक्का म्हणाल्या. "मग ह्यो पडलाय तो कोण?"

"फणस पडलाय. मी त्येच्याजवळ बसलोय."

कॅमेऱ्यातून शांतपणे आवाज आला, "अण्णा, मला ऐकू येतंय हं सगळं."

अण्णांनी डोळे मिटले. मग त्याच अवस्थेत, पाय खाली मुडपलेला असताना, आकाशवाणीच्या आवाजात म्हणाले, "चिरंजीव, इकडे सर्व कुशल आहे. काळजी नसावी."

रिक्षा आणली. डॉक्टरांनी घोटा बघितला. हाड शाबूत होतं, घोटा नुसता मुरगळला होता. मग न विचारता त्यांनी गुडघाही बघितला आणि अण्णांकडे न बघता मला विचारलं, "हे कधीपासून?" मी खिडकीतून बाहेर बघितलं.

मुलगा त्याच रात्रीच्या रेल्वेने निघाला; ती सकाळी बेळगावात पोचते. मी चहा घेऊन खाली आलो तेव्हा अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. दाढी केलेली, कोट घातलेला, घोट्याला पट्टी. पायाशी बॅग भरून तयार. बॅगेच्या तोंडाशी आक्कांच्या लोणच्याची बरणी फडक्यात गुंडाळून ठेवली होती, आणि टीव्ही बंद होता. त्या घरात टीव्ही बंद मी पहिल्यांदाच बघत होतो.

मुलगा आला, पाया पडला, बॅगेकडे बघितलं, चहा घेतला. शेवटी अण्णाच म्हणाले, "निकाल सांग."

"कसला?"

"पडलो. चालायबी येत न्हाय. तुझी अट हुती, मला मान्य हाय. बॅग भरलीया."

मुलाने कप खाली ठेवला. "चालाय येत न्हाय ते मला पैल्या महिन्यापास्नं म्हाईत हाय, अण्णा."

"कसं काय?"

"लई सरळ चालत हुतासा."

अण्णांचा चेहरा मी बघत होतो. गणित चुकलं नव्हतं, उत्तर फक्त दुसऱ्याच्या पाटीवर आलं होतं.

"आणि फणसामागं बसून गुडघ्याला जे बोलत हुतासा," मुलगा म्हणाला, "ते आफिसात बसून ऐकलंय मी. त्यातले काय काय शब्द मला नवीन हुते."

"मग इतके दिस बोलला का न्हाईस?"

मुलगा म्हणाला, "मी बाकाजवळ उभा हुतो, अण्णा."

अण्णा खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग उठले. कोट काढला, खुंटीला लावला. आक्कांनी आदल्या दिवशी आणून दिलेली काठी, त्यांच्या मालकांची, कोपऱ्यात होती, ती घेतली. मुलगा आधार द्यायला उठला, तर त्याला हाताने बसवलं. बनियन आणि धोतरावर बाहेर गेले, पायरी पायरी थांबत उतरले, फाटकापर्यंत लंगडत गेले, फाटकाला धरून दम घेतला, आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून तसेच लंगडत परत आले. पाय ओढत, कमरेतून वाकडे होत. परत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "टीव्ही लाव."

आम्ही तिघांनी बघितलं. पडद्यावर एक म्हातारा माणूस बनियनवर, काठी टेकत, अगदी वाकडातिकडा चालत घरी येत होता. तो पायरीशी पोचला तेव्हा अण्णांनी विचारलं, "किती?"

"पास," मुलगा म्हणाला. "अक्षर वाईट हाय."

"गुडघ्याचं अक्षर तसंच असतंय," अण्णा म्हणाले, आणि पायाने बॅग खुर्चीखाली सरकवली. मुलाने ते बघितलं आणि बॅग पुन्हा बाहेर ओढली नाही.

तो चार-आठ दिवस राहिला. मी उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या फॅब्रिकेटरला घरी आणला. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत, पायऱ्यांपासून न्हाणीपर्यंत, आणि परसातून थेट फणसापर्यंत लोखंडी कठडा बसला. फणसामागचा धुण्याचा दगड काढून तिथे पाठ टेकायला येईल असा कडाप्प्याचा बाक केला. फॅब्रिकेटर म्हणाला, "साहेब, इथंबी एक कॅमेरा पायजे की. इथंच पडल्यात न्हवं?" मुलगा म्हणाला, "इथं नको." उलट त्याने परसातल्या कॅमेऱ्याचा कानही बंद करून टाकला. बाकाजवळ फक्त एक बटण लावलं. दाबलं की माझ्या माडीवर शाळेच्या घंटेसारखी घंटा व्हायची. पुढे मी तिथे होतो तोवर अण्णांनी ते बटण खूपदा दाबलं. मी धावत जायचो, तर अण्णा बाकावर बसून म्हणायचे, "काय न्हाय. मधली सुट्टी झाली."

निघायच्या दिवशी मुलगा म्हणाला, "अण्णा, ते चित्र उशिरा येतंय न्हवं, ते बी नीट करून टाकतो पुढच्या खेपेला. घरातल्या घरात वायर टाकली की लगेच दिसंल. समुद्र ओलांडाय नको."

"बघू," अण्णा म्हणाले.

दुपारी रिक्षा आली. मुलगा पाया पडला. आमच्याकडे 'जातो' म्हणत नाहीत. तो 'येतो' म्हणाला आणि अण्णा 'ये' म्हणाले. मला वाटलं, आता कठडा धरून फाटकापर्यंत जातील. पण ते वळले, घाईघाईने, म्हणजे त्यांच्या घाईने, हॉलमध्ये आले आणि खुर्चीत बसले.

बाहेर फाटक वाजलं. रिक्षा सुरू झाली, गल्लीच्या टोकाशी तिने हॉर्न दिला आणि आवाज नाहीसा झाला.

टीव्हीवर मुलगा अजून पायरीवर बसून बुटाचे बंद बांधत होता.

अण्णा खुर्चीतून पुढे झुकले. पडद्यावरचा मुलगा उठला, बॅग खांद्याला लावली, नव्या कठड्यावर हात ठेवून तो हलतो का ते बघितलं.

"अण्णा," मी म्हटलं, "वायर कधी टाकायची म्हणतोय तो?"

"नगं," पडद्यावरची नजर न काढता अण्णा म्हणाले. "समुद्रावरनंच येऊ दे."

मुलगा फाटकाकडे चालू लागला. फाटकाशी थांबला, वळला, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं. खुर्चीतल्या अण्णांनी हात वर केला. मुलगा बाहेर पडला, फाटक मिटलं, आणि अण्णा खुर्चीत मागे टेकून बसले.

"लई भराभर गेला," ते म्हणाले. "धा मार्क कमी."